छातीवरून पाठीवर

१९५८ ते १९६१ या काळात अमेरिकेत टीव्हीवर ‘सी हंट’ नावाची मालिका लागायची. लॉइड ब्रिजेसने रंगवलेला माइक नेल्सन दर भागात समुद्रात उडी घ्यायचा, कुणाला तरी वाचवायचा, कुणाशी तरी पाण्याखाली झोंबायचा. या मालिकेमुळे हजारो अमेरिकनांना पाण्याखाली जायचं वेड लागलं. पण आजच्या डायव्हरने तिचा एखादा भाग पाहिला, तर नायकाच्या अंगावर काहीतरी कमी आहे असं त्याला लगेच जाणवेल. पाठीवर टाकी आहे, कमरेला शिशाचा पट्टा आहे, तोंडापासून दोन्ही खांद्यांवरून मागे जाणाऱ्या जाड नळ्या आहेत. जॅकेट मात्र नाही. आज ज्याला सगळे बीसीडी म्हणतात, ज्यात बटण दाबून हवा भरायची आणि दोरी ओढून सोडायची, ते फुगणारं जॅकेट त्या काळच्या डायव्हरकडे नव्हतंच.

मग तो पाण्यात अधांतरी राहायचा कसा? खरं सांगायचं तर बऱ्याचदा राहायचाच नाही. तो सतत पाय मारत असायचा.

त्याआधीच्या पाणबुड्यांना हा प्रश्न वेगळ्या रीतीने पडत होता. १८३०च्या दशकात ऑगस्टस सीबे याने बंद पोशाख आणि तांब्याचं शिरस्त्राण जोडून जो साज बनवला, त्यात वरून पंपाने हवा यायची. तळावर चालायचं, जहाजाचे अवशेष उचलायचे, भिंती बांधायच्या, हे त्या पाणबुड्याचं काम होतं. म्हणून त्याच्या पायांत शिशाचे बूट आणि छातीवर शिशाची वजनं असायची. त्याचा अख्खा पोशाखच हवेची पिशवी होता. शिरस्त्राणाची झडप कमीजास्त उघडून तो जड किंवा हलका व्हायचा. झडपेचा अंदाज चुकला, तर पोशाख फुगून हातपाय ताठ व्हायचे आणि माणूस असहायपणे वर फेकला जायचा. या अपघाताची त्या धंद्यात दहशत होती. बीसीडीच्या पुढच्या सगळ्या इतिहासात हीच दहशत रूप बदलून येत राहते.

१९४३ साली झाक कुस्तो आणि एअर लिक्विड कंपनीतला अभियंता एमिल गान्यां यांनी मागणीनुसार हवा देणारा रेग्युलेटर तयार केला आणि माणूस तळापासून सुटला. नळी गेली, बूट गेले, शिरस्त्राण गेलं. आणि त्यांच्यासोबत पोशाखातली हवा कमीजास्त करायची सोयही गेली. नव्या डायव्हरपाशी उरली ती फक्त फुप्फुसं. खोल श्वास घेतला की किंचित वर, सोडला की किंचित खाली. दोनेक लिटरचा हा खेळ उघड्या अंगाने, उबदार भूमध्य समुद्रात पुरेसा होता. कुस्तोच्या सुरुवातीच्या मंडळींनी त्याच बळावर कमाल केली. फ्रेडरिक द्युमा १९४३च्या शरद ऋतूत ६० मीटरच्या पलीकडे जाऊन आला.

घोळ केला तो गरम कपड्यांनी.

१९५१-५२च्या सुमारास बर्कलीतला भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर याने निओप्रीनच्या फेसाळ रबराचा सूट सुचवला. मॅनहॅटन प्रकल्पात काम केलेला हा माणूस अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांना थंडी वाजू नये म्हणून डोकं चालवत होता. त्याची कल्पना साधी होती: अंग ओलं झालं तरी चालेल, ऊब टिकवतात ते रबरातले हवेचे बुडबुडे. वेटसूट कॅलिफोर्नियात आणि फ्रान्समध्ये झपाट्याने पसरला. पण बुडबुडे म्हणजे तरंगणं, आणि तरंगणं मारायला शिसं हवं. थंड पाण्यातला जाड सूट घालणारे आठ-दहा किलो शिसं कमरेला बांधू लागले.

आता बॉइलचा नियम पुढे येतो. पृष्ठभागावर दाब एक बार, १० मीटरवर दोन, २० मीटरवर तीन, ३० मीटरवर चार. वायूचं आकारमान त्याच प्रमाणात आक्रसतं. पृष्ठभागावर आठ किलो वर उचलणारा सूट ३० मीटरवर ढोबळमानाने दोन-तीन किलोच उचलतो. शिसं मात्र तेवढंच जड राहतं. म्हणजे वर अगदी बरोबर तोललेला माणूस खाली पाच किलोंचा धोंडा होऊन बसतो. उलट खालच्या खोलीसाठी तोल साधावा, तर वर असताना बुडताच येत नाही. डोकं खाली करून जीव खाऊन पाय मारत पहिले काही मीटर उतरावं लागतं. पन्नासच्या दशकातले तरबेज डायव्हर हेच करत आणि त्याला कौशल्य म्हणत. नवख्यांची मात्र दमछाक होई, दमछाक झाली की हवा जास्त लागे, आणि हवा संपत आली असताना पाच किलो जास्तीचं ओझं घेऊन वर पोहायचं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

यावर पहिलं उत्तर आलं ते तोल साधण्यासाठी नव्हतं, जीव वाचवण्यासाठी होतं. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडलेल्या वैमानिकांसाठी गळ्यातून घालायची फुगणारी जॅकेटं होती. कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी फोडली की ती फुगत. डायव्हरांनी तीच उचलली. पण १६ ग्रॅम वायूचं नळकांडं पृष्ठभागावर जेमतेम आठ-नऊ लिटर भरतं. ३० मीटरवर त्याचे दोन लिटरच होतात, म्हणजे जिथे गरज सर्वांत जास्त तिथे मदत सर्वांत कमी. शिवाय खारं पाणी लागून नळकांडी गंजत आणि ऐन वेळी दगा देत.

१९६१ साली फ्रान्समध्ये मोरिस फेंझी याने गळ्यात अडकवायची, छातीवर येणारी पिशवी बाजारात आणली. आधी ती तोंडाने फुगवावी लागे. पुढे तिला स्वतःची इवलीशी बाटली मिळाली, आणि खरी मख्खी तिथेच होती. ही साधारण ०.४ लिटरची बाटली दर वेळी मोठ्या टाकीतून भरून घ्यायची. २०० बारचा दाब धरला तर त्यात पृष्ठभागावरची ८० लिटर हवा मावते. ४० मीटरवर, पाच बार दाबाखालीही तिचे १६ लिटर होतात. एवढ्या हवेत शिशासकट माणूस वर येतो. युरोपभर ही नारिंगी-पिवळी कॉलर इतकी रुळली, की दुसऱ्या कंपनीची असली तरी लोक तिला फेंझीच म्हणत. ब्रिटनमधल्या क्लबांत तर टाकीची हवा संपली तर याच पिशवीतली हवा श्वासात कशी घ्यायची, याचाही सराव करून घेत.

अमेरिकेत अशा पिशवीला ‘हॉर्स कॉलर’ म्हणत. तिचा एक गुण नंतरच्या कुठल्याच जॅकेटला फारसा साधला नाही: बेशुद्ध माणसालाही ती पाठीवर, तोंड आकाशाकडे करून तरंगवायची, कारण सगळी हवा मानेभोवती आणि छातीवर. तिचा दोषही त्याच कारणातून आला. पाण्याखाली ती फुगवली की छाती वर उचलली जायची, कमरेचं शिसं पाय खाली ओढायचं, आणि डायव्हर आडवा पोहण्याऐवजी उभा तरंगत राहायचा. फिन्सच्या प्रत्येक झटक्याने तळ ढवळून निघायचा.

मोकळ्या समुद्रात हे खपून जातं. फ्लोरिडाच्या उत्तर भागातल्या गुहांत खपत नव्हतं. तिथे चुनखडीच्या झऱ्यांतून पाणी इतकं नितळ येतं की बोगद्याचं दूरचं टोकही दिसतं, पण तळाला पिठासारखा गाळ असतो. एकदा पाय लागला की क्षणार्धात हात दिसेनासा होतो, आणि वर पृष्ठभाग नसतो, छत असतं. साठच्या दशकात या झऱ्यांमध्ये माणसं दगावू लागली. १९६८ साली गुहा-डायव्हिंगची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिच्यामागे हे मृत्यूही होते. या मंडळींना जीवरक्षक जॅकेट नको होतं, वर तरंगायला जागाच नव्हती. त्यांना आडवं, निश्चल राहायचं होतं. त्यातल्या काहींनी ब्लीचच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या सोबत न्यायला सुरुवात केली. तोंड खाली धरून रेग्युलेटरची थोडी हवा आत सोडायची, जास्त झाली तर बाटली कलती करायची. तोल साधण्यासाठी, आणि केवळ त्यासाठीच, वापरलेलं हे बहुधा सर्वांत स्वस्त साधन. कुठल्याही कंपनीच्या कॅटलॉगात ते आलं नाही.

सत्तरचं दशक या धंद्यातलं सर्वांत खटपटीचं. सुरुवातीलाच वॉटरगिल कंपनीचा ‘अ‍ॅट-पॅक’ आला: हवेची पिशवी पाठीवर, टाकीभोवती; शिशाच्या गोळ्याही त्याच पाठपिशवीत. कमरेचा पट्टा सुटला, छाती मोकळी झाली. डॅकॉरने त्याही पुढे जाऊन ‘नॉटिलस’ काढला, म्हणजे न आक्रसणाऱ्या टणक कवचाचा बीसीडी, ज्याच्या आतलं पाणी हवेने बाहेर ढकलून तोल जमवायचा. कागदावर ही कल्पना सुरेख आहे. कवच दाबाखाली आक्रसत नाही, म्हणून खोली बदलली तरी पुन्हा पुन्हा हवा भरायची गरज फारशी नाही. प्रत्यक्षात ते पाठीवर घेऊन बोटीत चढणं आणि सामानात नेणं कुणाला आवडलं नाही. चांगली कल्पना केवळ अवजड असल्याने मागे पडावी, याची खंत वाटण्याजोगी उदाहरणं डायव्हिंगच्या इतिहासात पुष्कळ आहेत. नॉटिलस त्यातलं ठळक.

याच काळात दोन गोष्टींनी सगळं पालटलं. एक म्हणजे टाकीच्या रेग्युलेटरपासून थेट जॅकेटला जोडलेली कमी दाबाची नळी. तोंडाने फुंकायचं नाही, वेगळी बाटली भरायची नाही. बटण दाबा, हवा येते. दुसरी म्हणजे स्कूबाप्रो कंपनीचं ‘स्टॅबिलायझिंग जॅकेट’, ब्रिटिशांच्या तोंडी ‘स्टॅब’. बिनबाह्यांच्या कोटासारखं चढवायचं, पाठ, खांदे आणि बरगड्यांच्या बाजू अशी एकसलग पिशवी, जिच्यात हवा सर्वांत वरच्या जागी आपसूक सरकते. टाकीचा साज आणि तरंगण्याची पिशवी आता एकच झाले. डायव्हर कुठल्याही बाजूला कलला तरी हवा त्याच्यामागे जायची. आज मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगमध्ये ‘जॅकेट’ म्हणून जे विकलं जातं, ते याच घराण्यातलं.

जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. बीसीडी लागतो म्हणजे तुमचं वजनच चुकलंय, असं ते म्हणत. त्यांचं म्हणणं निम्मं तरी खरं निघालं. बटण आल्यावर शिशाचा हिशोब सैल झाला. तोल चुकला तर दोन किलो जास्त बांधा, जॅकेटमध्ये हवा भरा, काम झालं. पण जास्त शिसं म्हणजे जास्त हवा, आणि जास्त हवा म्हणजे खोली थोडी बदलली तरी आकारमानात मोठी उलथापालथ. वर येताना हवा फुगते, फुगली की आणखी वर नेते, वर गेलं की आणखी फुगते. शेवटच्या १० मीटरांत तर आकारमान थेट दुप्पट होतं. हवा सोडायची दोरी वेळेवर सापडली नाही, तर फुप्फुस फाटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. सीबेच्या पोशाखातली ती जुनी दहशत नव्या जॅकेटमध्ये मुक्कामाला आली, आणि प्रशिक्षणाचे तासच्या तास बटणापेक्षा दोरीवर खर्च होऊ लागले.

अमेरिकेत सत्तरच्या दशकात अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या आल्या, त्यांनीही या हिशोबात भर घातली. आजही सर्वत्र दिसणारी ११ लिटरची टाकी भरलेली असते तेव्हा तिच्यात सुमारे पावणेतीन किलो हवा असते. डायव्हर ती श्वासात घेऊन बुडबुड्यांनी सोडून देतो, म्हणजे डायव्ह संपेपर्यंत तो तेवढा हलका होतो. रिकामी टाकी स्वतःच दीड-दोन किलोंनी वर ओढू लागते. त्यामुळे सुरुवातीला थोडं जड असणं भाग असतं. बीसीडीचं प्रामाणिक काम इतकंच: सुटलेली हवा आणि आक्रसलेला सूट यांची भरपाई.

गुहावाल्यांची वाट मात्र वेगळीच राहिली. १९७९ साली ग्रेग फ्लॅनगन याने फ्लोरिडाच्या गुहा-डायव्हरांसाठी धातूची पाठपट्टी घडवली. विल्यम होगार्थ मेन याने तिच्यावर एकाच अखंड पट्ट्याचा साज बसवला. बकला कमी, लोंबणाऱ्या वस्तू कमी, अडकण्याच्या जागा कमी. हवेची पिशवी, म्हणजे ‘विंग’, पाठपट्टी आणि टाकीच्या मध्ये. त्याच साली शेक एक्सले याचं गुहा-डायव्हिंगच्या सुरक्षिततेवरचं पुस्तक आलं, ज्यात त्याने प्रत्यक्ष मृत्यूंचा तपशील घेऊन कुठे काय चुकलं ते मांडलं. या लोकांच्या सामानाला शोभा नव्हती, पण प्रत्येक गाठीमागे कारण होतं. १९८४ साली फ्लोरिडात सुरू झालेल्या डाइव्ह राइट कंपनीने हे घरगुती कसब दुकानात आणलं. पुढच्या वीसेक वर्षांत गुहेच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे हौशी डायव्हर पाठपट्टी-विंग मागू लागले. विंगवर रबरी दोऱ्या असाव्यात की नसाव्यात, असल्या प्रश्नांवर या पंथांनी एकमेकांशी केलेली भांडणं वाचली, तर आपल्याकडच्या साहित्य संमेलनाध्यक्षपदाच्या एकेकाळच्या निवडणुका सौम्य वाटाव्यात.

मुख्य बाजारानेही मग दोन्हींतलं थोडंथोडं उचललं. ऐंशीच्या दशकात सीक्वेस्टच्या ‘एडीव्ही’ जॅकेटने खांद्यावर लांबी जुळवता येणारे पट्टे आणि बकला आणल्या. एकच माप अनेक अंगांना बसू लागलं, आणि डायव्हिंग शाळांना ते फार मानवलं. पाठीमागे फुगणारी पण जॅकेटसारखी दिसणारी मॉडेलं आली, शिशासाठी ओढताच सुटणारे खिसे आले. आणि या सगळ्यात कॉलरचा तो जुना गुण, बेशुद्धाचं तोंड वर ठेवण्याचा, बाजूला पडत गेला. युरोपात बीसीडीसाठी ‘ईएन १८०९’ हे मानक आहे. डायव्हरचं डोकं पाण्याबाहेर राहील याची हमी देणारं साधन म्हणून ते बीसीडीकडे पाहत नाही. जीव वाचवायचीही जबाबदारी घेणाऱ्या साधनांसाठी ‘ईएन १२६२८’ हे वेगळं मानक आहे.

हा इतिहास ठाऊक असला की दुकानातली बीसीडींची रांग निराळी दिसते. जॅकेट हे शाळेचं आणि बोटीचं साधन आहे: पृष्ठभागावर उभं, निवांत तरंगवतं, खिसे पुष्कळ, नवख्याला समजायला सोपं. विंग हे गुहेचं साधन आहे: पाण्याखाली आडवं ठेवते, छाती मोकळी ठेवते, पण पृष्ठभागावर जास्त हवा भरली तर तोंडावर पाडू पाहते. स्टीलची पाठपट्टी साधारण अडीच-तीन किलोंची. तेवढं शिसं कमी लागतं, पण विमानाच्या सामानात तेवढंच वजन वाढतं. उचलण्याची ताकद किती हवी, याबाबत दुकानदार उदार असतात. उबदार पाण्यात तीन मिलिमीटरचा सूट आणि एक अ‍ॅल्युमिनियमची टाकी असेल, तर आक्रसलेला सूट आणि टाकीतली हवा मिळून पाच-सहा किलोंची भरपाई पुष्कळ झाली. तरी पंधरा-वीस किलो उचलणारी पिशवी सर्रास गळ्यात मारली जाते. कॅलिफोर्नियाच्या थंड पाण्यासाठी ठरलेला आकडा अरबी समुद्रात कशाला हवा?

अरबी समुद्राचं नाव निघालंच आहे, तर मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे खडक आणि प्रवाळ १९८७ साली सागरी अभयारण्यात आले, आणि गेल्या दोन दशकांत तिथे पर्यटकांना पाण्याखाली नेण्याचा धंदा फोफावला. एमटीडीसीने तारकर्लीला प्रशिक्षण संस्थाही उभारली. किल्ल्याजवळ पहिल्यांदाच पाण्यात शिरणाऱ्या माणसाला बीसीडी निवडायचा नसतो, वापरायचाही नसतो. अंगावर चढवलेल्या जॅकेटचं बटण आणि दोरी दोन्ही सोबतच्या प्रशिक्षकाच्या हातात असतात. पर्यटकाने फक्त श्वास घ्यायचा आणि मासे बघायचे.

पाणी उथळ आहे म्हणून हे काम सोपं असेल असं वाटतं, उलट आहे. ३० मीटरवरून २५ मीटरवर आलं तर जॅकेटमधली हवा जेमतेम सातव्या हिश्शाने वाढते. पाच मीटरवरून पृष्ठभागावर येताना ती दीडपट होते. म्हणून पाच-सहा मीटरवर घाबरलेल्या माणसाला एका खोलीवर धरून ठेवणाऱ्या प्रशिक्षकाचा अंगठा सतत हालत असतो, आणि तो थोडी थोडीच हवा भरतो, एकदम नाही.

ज्यांना याची चटक लागते ते पुढे कोर्स करतात, अंदमान, लक्षद्वीप किंवा नेत्राणीला जातात, आणि एक दिवस भाड्याच्या जॅकेटला कंटाळून स्वतःचं घ्यायला निघतात. भाड्याचं जॅकेट बहुतेक वेळा मापाने मोठं असतं. पट्टे कितीही आवळले तरी टाकी पाठीवर डुलत राहते, आणि जॅकेट फुगलं की वर सरकून हनुवटीला टेकतं. उलट लहान माप घेतलं, तर पूर्ण फुगल्यावर ते रक्तदाब मोजायच्या पट्ट्यासारखं छाती आवळतं. स्टॅब जॅकेटच्या घराण्यातला हा दोष अजून पूर्ण गेलेला नाही. आरशासमोर रिकामं जॅकेट घालून यातलं काहीच कळत नाही. डायव्हिंगचा सूट अंगात चढवून, जॅकेटमध्ये टाकी बसवून, ते जादा हवेची झडप सुटेपर्यंत फुगवावं आणि मग दीर्घ श्वास घेऊन पाहावा. त्याच वेळी, खाली न बघता, हवा सोडायच्या तिन्ही जागा शोधाव्यात: खांद्यावरची, पाठीमागे कमरेजवळची आणि इन्फ्लेटरच्या, म्हणजे हवा भरायच्या बटणाच्या, नळीच्या टोकाची. जी चटकन हाताला लागत नाही, तिची जागा विकत घेण्याआधी दुकानदाराला दाखवायला लावावी.